खंडेनवमीचा फोटो आणि यॉर्कशरची शिकार

ताई, मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर इकडे नॉर्थ यॉर्कशरला आले. शेतीची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. कॉलेजात असताना पिस्तूल शूटिंग करायचे, राज्य पातळीपर्यंत खेळले आहे. यंदा खंडेनवमीला बाबांनी पूजेचा फोटो पाठवला. पाटावर पणजोबांची तलवार, विळी, पाना-पक्कड आणि मधोमध बाबांचं लायसनचं रिव्हॉल्व्हर, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. जेवणाच्या सुट्टीत मी हौसेने तो फोटो सगळ्यांना दाखवला. टेबल एकदम गप्प. मी म्हटलं, माणसं गाडीखालीही मरतात, म्हणून कोणी गाड्या बंद करतं का? त्यावर आमच्याकडच्या एक स्कॉटिश बाई, माझ्या आईच्या वयाच्या, उठून निघूनच गेल्या. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. आणि आता आमच्या डायरेक्टरांनी मला आणि नवऱ्याला डिसेंबरात फेझंटच्या शिकारीला बोलावलंय! त्याच टेबलावरचे दोघं-तिघं तिथे बंदुका घेऊन येणार आहेत. नवरा म्हणतो, जायलाच हवं. मला पाखरं मारायची नाहीत. ही माणसं दुटप्पी आहेत की मलाच काही कळत नाहीये? माझा खेळ इथे पुन्हा सुरू करता येईल का? पुढच्या उन्हाळ्यात बाबा येणार आहेत, ते माझं जुनं एअर पिस्तूल घेऊन येऊ का म्हणून विचारतायत.
— एक कोल्हापूरकर

अगं कोल्हापूरकर,

आधी त्या स्कॉटिश बाईंचं बघू. शिकारीचं आमंत्रण डिसेंबरातलं आहे, ते थोडं थांबलं तरी चालेल.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन नावाच्या छोट्या गावात एक माणूस प्राथमिक शाळेच्या जिममध्ये शिरला. पहिलीची पोरं खेळाच्या तासाला जमली होती, पाच-सहा वर्षांची. त्याने सोळा मुलांना आणि त्यांच्या बाईंना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला. त्याच्याकडची चारही हत्यारं, पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं, परवान्याची होती. क्लबात नेमबाजी करतो म्हणून रीतसर मिळालेली. तू फोटो दाखवताना 'लायसनचं आहे' असं आवर्जून सांगितलं असणार, आपण सांगतोच. तुला वाटलं त्याने समोरच्याची काळजी मिटेल. त्या पिढीच्या स्कॉटिश माणसाला त्याच शब्दाने जास्त धसका बसतो.

त्या बाईंचं डनब्लेनशी काही नातं असेलच असं नाही. पण तुझ्या आईच्या वयाच्या म्हणजे तेव्हा त्या तरुण असणार, कदाचित स्वतःचं मूल शाळेत सोडून आलेल्या. त्या दिवशी आपण कुठे होतो हे त्या वयाच्या बहुतेकांना तिथे आठवतं. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा त्याच शाळेत होता, आठ वर्षांचा.

पुढे काय झालं तेही तुला माहीत असायला हवं, कारण तुझ्या खेळाचा निकाल तिथेच लागला. गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी एक अर्ज फिरवला. मार्चमध्ये तिथे फुलणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाचं नाव त्या मोहिमेला दिलं होतं. सात लाखांवर सह्या झाल्या. १९९७ मध्ये आधी पंतप्रधान मेजर यांच्या सरकारने पॉइंट टू टूच्या (हे नळीचं माप, ०.२२ इंच) वरची पिस्तुलं बंद केली, मग निवडणूक झाली आणि ब्लेअर यांच्या सरकारने पॉइंट टू टूही बंद केली. पिस्तूलवाल्यांनी नुकसानभरपाई घेऊन दीड लाखाहून जास्त हत्यारं पोलिसांकडे जमा केली. त्यातली बहुतेक माणसं तुझ्यासारखीच होती, रविवारी क्लबात जाऊन कागदी टार्गेटला भोकं पाडणारी. त्यांना राग आला, ते न्यायालयात गेले, मोर्चे काढले. पण समाज म्हणून ब्रिटनने तो प्रश्न तिथेच मिटवला आणि नंतरच्या कुठल्याही पंतप्रधानाला तो परत उघडावासा वाटलेला नाही. डनब्लेननंतर ब्रिटनमधल्या शाळेत तसं हत्याकांड झालेलं नाही, हे इथल्या माणसाला पाठ असतं.

आता तुझं ते गाडीचं उदाहरण. ते तू काही पहिल्यांदा दिलेलं नाहीस. डनब्लेनच्याच वर्षी, १९९६ च्या डिसेंबरात राणीचे यजमान प्रिन्स फिलिप रेडिओवर असंच बोलून गेले होते. एखादा क्रिकेटपटू बॅट घेऊन शाळेत शिरला आणि माणसं बडवू लागला तर क्रिकेटच्या बॅटीवर बंदी घालणार का, असं. देशभर इतका गदारोळ झाला की राजवाड्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा माणूस आयुष्यभर शिकार करणारा, राजघराण्यातला, बोलताना कोणाची पर्वा न करणारा. त्याला जे पचलं नाही ते अकाउंट्समधल्या नव्या मुलीला कसं पचेल?

तेव्हा असं कर. लांबलचक ईमेल लिहू नकोस. चहाची किटली उकळत असताना त्या एकट्या सापडतील तेव्हा एवढंच म्हण, 'त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल सॉरी, इथे काय घडलं होतं ते मला माहीत नव्हतं.' बास. 'आमच्याकडे ना, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते' हे पुढे जोडू नकोस. ती बाजू खरी आहे, पण ती सांगायची वेळ ही नव्हे. तुमचं कोणी होतं का तिथे, हे तर चुकूनही विचारू नकोस. त्यांना बोलायचं असेल तर त्या बोलतील.

आता तुझा दुसरा प्रश्न, दुटप्पीपणाचा.

आपल्याकडे बंदूक सगळ्यात जास्त दिसते ती राखणीला. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेला माजी सैनिक, बाबांचं कपाटातलं रिव्हॉल्व्हर. परवान्याच्या अर्जावर कारण म्हणून आपण सरळ 'स्वसंरक्षण' लिहितो. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, त्यामुळे आजोबांच्या पिढीच्या शिकारीच्या गोष्टी आता दबक्या आवाजात सांगतो. ब्रिटनमध्ये हे नेमकं उलटं आहे. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये 'जिवाला धोका आहे म्हणून हत्यार हवंय' असं पोलिसांना सांगितलंस तर अर्ज तिथेच संपतो. उत्तर आयर्लंडचा कायदा आणि इतिहास दोन्ही वेगळे, तिथे पिस्तुलाचा परवाना अजून मिळतो. बाकी ब्रिटनमध्ये गस्तीवरच्या साध्या पोलिसाकडेही पिस्तूल नसतं, मग तुझ्या बाबांकडे का असावं, हा तिथल्या माणसाचा प्रश्न.

पण शेतकऱ्याकडे बारा बोअरची शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, असणं यात कोणाला काही वाटत नाही. कावळे, ससे, कबुतरं पिकावर येतात, त्यांना मारायला ती असते. लांडगा, अस्वल, लिंक्स या बेटावरून कधीच संपले, त्यामुळे हरणं माजली आहेत, ती रायफलीने कमी करावी लागतात. आणि हौसेची शिकार आहेच. इंग्लंड-वेल्समध्ये शॉटगनचे परवानेच पाच लाखांच्या घरात आहेत. म्हणजे तुझ्या टेबलावरच्या मंडळींना बंदुकीचा तिटकारा नव्हता. पिस्तूल खिशात लपतं, ते माणसासाठी बनवलंय, असं त्यांचं पक्कं मत आहे. त्यात तू त्याला फूल वाहिलेलं दाखवलंस.

लांब बंदुकीचा परवाना सहज मिळतो असंही समजू नकोस. पोलीस घरी येतात, डॉक्टरकडून तब्येतीची, मनाच्या आजारांची माहिती मागवतात, ओळखीच्या माणसांना विचारतात, भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट आहे का ते बघतात. त्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे बायकोलासुद्धा माहीत असता कामा नये, तिचा स्वतःचा परवाना नसेल तर. तीस वर्षांचा संसार झालेला शेतकरीही किल्लीची जागा बदलत असतो. दर पाच वर्षांनी हे सगळं पहिल्यापासून.

तरीही धक्के बसले आहेतच. १९८७ मध्ये हंगरफर्डला एकाने सोळा माणसं मारली, त्यानंतर पॉइंट टू टू सोडून बाकी सेमी-ऑटोमॅटिक रायफली गेल्या. २०१० मध्ये कंब्रियात एका टॅक्सीवाल्याने शॉटगन आणि पॉइंट टू टू रायफलने बारा जणांना मारलं. २०२१ मध्ये प्लिमथला पाच. तिथल्या मारेकऱ्याची बंदूक पोलिसांनी आधी काढून घेतली होती आणि मग परत दिली होती, यावरून फार मोठा संताप झाला. दर वेळी शेतकऱ्यांच्या संघटना म्हणतात आता आणखी आवळू नका, शहरातले म्हणतात आवळा. हा वाद चालू आहे. पिस्तुलाचा नाही.

(एक आगाऊपणा करते. आपल्याला निःशस्त्र करणारा शस्त्रकायदा व्हाइसरॉय लिटनसाहेबांच्या काळात, १८७८ मध्ये आला. खुद्द ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर खरा लगाम बसला तो १९२० मध्ये, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांकडची हत्यारं आणि रशियासारखी क्रांती या दोन भीतींपोटी. हे ऑफिसात सांगू नकोस. मला सांगून झालं, बरं वाटलं.)

आता डिसेंबरचं आमंत्रण. आधी एक गोष्ट विचारून घे, तुम्हाला बंदूक चालवायला बोलावलंय की नुसतं सोबत. तिथे बंदूकधारी बहुधा आठ असतात, जागा मोजून ठरलेल्या असतात. परवाना नसलेल्या नवख्याला सहसा पाहुणा म्हणून नाहीतर हाकाऱ्यांबरोबर चालायला बोलावतात. मालकाने आपली बंदूक दिलीच तर कायद्याने तो शेजारी उभा असायला लागतो, आणि ती तिथल्या जमिनीपुरतीच.

दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे ठरवायला सोपं जाईल. सकाळी सगळे अंगणात जमतात, खाकी-हिरवे कपडे, चिखलाचे बूट. चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला उभं राहायच्या जागेच्या खुंटीचा नंबर मिळतो आणि दर हाक्याला तो दोन-दोनने सरकतो, म्हणजे मोक्याची जागा एकाच्याच वाट्याला येत नाही. पलीकडच्या रानातून हाकारे रांगेने येतात. गावातले निवृत्त लोक, कॉलेजची पोरं, पोस्टमन, कुणाची बायको. हातात काठी किंवा जुन्या खताच्या पोत्याचं निशाण, ते फडफडवत, झाडांवर काठी आपटत. त्यांना दिवसाची थोडी मजुरी आणि संध्याकाळी पाखरांची जोडी मिळते. पाखरं उडून वरून जातात. खाली आलेल्या पाखरावर बंदूक रोखणारा दिवसभर सगळ्यांच्या नजरेतून उतरतो, कारण पाखराच्या खाली आकाश दिसलं नाही तर तिथे माणूस असू शकतो. शिट्टी किंवा भोंगा झाला की गोळीबार बंद, बंदूक मधून उघडून रिकामी. मग लॅब्राडोर आणि स्पॅनियल पडलेली पाखरं गोळा करतात.

तुला ती मारायची नाहीत हे मला पूर्ण पटतं, आणि तसं वाटणारे ब्रिटिश काही थोडे नाहीत. फेझंट हे रानातून शोधून काढलेलं पाखरू नाही. ते पाळून, मोठं करून, उन्हाळ्यात रानात सोडलेलं असतं, दर वर्षी कोट्यवधी. त्यावर टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. दुसरीकडे ज्या रानांत शिकार चालते ती राखली जातात, झुडपं, बांध टिकतात, हेही शेतकरी दाखवून देतात. दोन्ही बाजू ऐकून मीही बंदूक हातात घेणार नाही. हाकाऱ्यांबरोबर मात्र आनंदाने चालेन. तूही डायरेक्टरांना याच आठवड्यात सरळ सांग, 'बोलावल्याबद्दल मनापासून थँक्स, मी गोळी चालवणार नाही पण हाक्यात चालायला आवडेल.' कोणी वाईट मानणार नाही. उलट हाकाऱ्यांच्या जेवणाला जास्त हशा असतो असं माझं मत आहे. शेवटच्या क्षणी न जाणं मात्र टाळ, कारण तिथे माणशी खर्च धरलेला असतो.

नवऱ्याला जायचं तर जाऊ दे, पण आधी एकदा क्ले शूटिंगला ने. मातीच्या उडत्या चकत्या, कोणाचा जीव जात नाही, परवाना नसला तरी मान्यताप्राप्त मैदानावर चालतं. बारा बोअरचा खांद्याला बसणारा दणका काय असतो ते पाहुण्यांसमोर पहिल्यांदा कळलेलं बरं नाही. तुझा स्वतःचा नेमही तिथे लगेच लागेल असं धरू नकोस. पिस्तुलात श्वास रोखून स्थिर राहायची सवय असते, इथे हलत्या निशाण्याबरोबर वाहत जावं लागतं. दिवस संपला की गेमकीपरला, म्हणजे ही पाखरं आणि रान राखणाऱ्या माणसाला, हस्तांदोलन करताना घडी घातलेली नोट द्यायची पद्धत आहे. किती, ते यजमानालाच हळूच विचारायचं. मग गळ्याला सुतळी बांधलेली फेझंटची जोडी तुमच्या हातात येईल, पिसांसकट. नाही म्हणू नका. ते मांस कोरडं असतं, इंग्रजी पद्धतीने भाजलं तर भुशासारखं लागतं. तांबड्या रश्श्यात उत्तम लागतं. फक्त खाताना छर्रे दातांखाली येतात, पाहुण्यांना आधी सांग.

जेवणाच्या टेबलावर एक विषय स्वतःहून काढू नकोस, तो म्हणजे घोडे आणि कुत्रे घेऊन केलेली कोल्ह्याची शिकार. बंदुकीच्या शिकारीपेक्षा हे प्रकरण फार निराळं आणि फार जास्त जळजळीत. स्कॉटलंडने २००२ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने ती बंद केली. ग्रामीण भागातून सप्टेंबर २००२ मध्ये चार लाखांवर लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले, तरी कायदा झालाच. लॉर्ड्स या वरच्या सभागृहाचा विरोध मोडायला सरकारला खास पार्लमेंट ॲक्ट वापरावा लागला. फेब्रुवारी २००५ पासून तो लागू आहे. ब्लेअर यांनी पुढे लिहिलं की त्या कायद्याचा त्यांना पश्चात्ताप झाला. तरी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लाल कोटातले स्वार गावच्या चौकात जमतातच. आम्ही फक्त आधी टाकलेल्या वासाच्या मागे कुत्रे सोडतो, असं म्हणतात. मग 'अपघाताने' कोल्हा सापडतो. २०२४ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने हेही बंद करू असं लिहिलं. पाहण्यांत बहुसंख्य लोक कोल्ह्याच्या शिकारीच्या विरोधात असतात, पण तुझ्या टेबलावर बसलेल्या एखाद्याची मुलगी त्याच स्वारांत असू शकते.

तू दुटप्पी म्हणालीस, त्यावर माझं उत्तर असं. पिस्तुलाबाबत ते दुटप्पी नाहीत. कोल्ह्याबाबत आहेत, आणि तिथे प्राण्याच्या दयेइतकाच घोड्यावर बसणाऱ्यांविषयीचा रागही मिसळलेला आहे. आपण कोल्हापूरकरांनी त्यावर फार नाक मुरडू नये. संस्थानकाळात चित्ते पाळून काळविटांवर सोडण्यासाठी आपलं गाव नावाजलेलं होतं आणि दाजीपूरचं जंगल म्हणजे महाराजांचं शिकारीचं राखीव रान. पुढे तेच अभयारण्य झालं.

राहिला तुझा खेळ. राही सरनोबतने ज्यात नाव कमावलं ते पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तूल सर्वसामान्य माणसाला ब्रिटनच्या मुख्य भूमीवर खेळता येत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीही त्या स्पर्धांना सरकारची खास परवानगी घ्यावी लागली होती. दहा मीटर एअर पिस्तूल मात्र इंग्लंडमध्ये चालतं. अठरा पूर्ण आणि सहा फूट-पाउंडांच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची पिस्तुलं त्या मर्यादेत बसतात. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरपासून त्यालाही परवाना लागतो, तेव्हा सुट्टीला एडिंबराला जाताना गाडीत टाकू नकोस. इंग्लंडमध्येही कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं गुन्हा आहे. पेटीत बंद करून घर ते क्लब, एवढाच प्रवास. रायफलकडे वळायची तयारी असेल तर आणखी बरं. मान्यताप्राप्त क्लबात किमान तीन महिने उमेदवारी करायची, मग पॉइंट टू टूच्या परवान्यासाठी अर्ज. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळेच्या जिल्ह्यातली आहेस म्हटल्यावर क्लबातली म्हातारी मंडळी तुला चहा पाजतील. तिथे हा फोटोही दाखवायला हरकत नाही.

बाबांना म्हणावं, एअर पिस्तूल राहू द्या, इथल्या नोंदणीकृत दुकानदाराकडून समोरासमोर घेईन. विमान कंपनी, दोन देशांचे कस्टम्स, नको तो ताप. रिव्हॉल्व्हरचं एकही रिकामं काडतूस बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं नाही ना, हे निघायच्या आधी दोनदा बघायला सांग. आणि आई लेकीच्या काळजीने पेपर स्प्रे देईल, तो आधीच काढून ठेव. ब्रिटनच्या कायद्यात तो पिस्तुलाच्याच कलमाखाली, बंदी असलेलं हत्यार म्हणून मोडतो.